नॅरागॅन्सेट पेसर

नॅरागॅन्सेट पेसर ही उत्तर अमेरिकेतील ऱ्होड आयलंड वसाहतीत विकसित झालेली, सुखद चालीसाठी प्रसिद्ध असलेली घोड्यांची नामशेष जात आहे. आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीवर तयार झालेली घोड्यांची ही पहिली जात मानली जाते. सतराव्या व अठराव्या शतकांत या घोड्यांना मोठी मागणी होती. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात पूर्णपणे नष्ट झाली. अमेरिकेतील अनेक प्रसिद्ध जातींमध्ये तिचा रक्तवारसा आढळतो.

नाव व उगम

नॅरागॅन्सेट उपसागराचा परिसर व तेथील याच नावाचे मूलनिवासी लोक यांवरून या जातीला नाव मिळाले. तिचे मूळ निश्चितपणे ज्ञात नाही. वसाहतकाळात आणलेल्या इंग्लिश व डच घोड्यांच्या संकरातून ती निर्माण झाली असावी, असे एक मत आहे. आयर्लंडमधील ‘हॉबी’ या चपळ घोड्यांशी व स्पॅनिश घोड्यांशीही तिचा संबंध जोडला जातो.

या प्रदेशाची भूरचना अश्वपैदाशीस अनुकूल होती. समुद्रात शिरलेल्या भूशिरांवर कुरणे होती आणि जमिनीकडील अरुंद बाजूस कुंपण घातले की कळप आपोआप बंदिस्त होत असे. बोस्टनचे टांकसाळप्रमुख जॉन हल यांनी १६७७ मध्ये पॉइंट ज्युडिथ या भूशिरावर दगडी भिंत बांधण्याची सूचना केली होती. कमअस्सल घोडे कळपात मिसळू नयेत आणि उत्तम घोडे वेस्ट इंडीजला पाठवता यावेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे येथील मोठ्या जमीनदारांनी ही पैदास वाढवली. त्यांच्या शेतांवरील बरेचसे काम गुलामांच्या श्रमावर चालत असे.

शारीरिक वैशिष्ट्ये

हे घोडे आकाराने लहान होते. खांद्यापाशी त्यांची उंची सरासरी सुमारे १४५ सेंटीमीटर असे व रंग बहुधा तांबूस तपकिरी असे. ते स्वारीसाठी तसेच गाडी ओढण्यासाठीही वापरले जात.

चाल

सर्वसाधारण घोडा दुडक्या चालीत पुढचा एक पाय व विरुद्ध बाजूचा मागचा पाय एकाच वेळी उचलतो. त्यामुळे स्वाराला सतत हादरे बसतात. ‘पेस’ या चालीत एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे पडतात. ‘अँबल’ चालीत मात्र चारही पाय वेगवेगळ्या क्षणी जमिनीवर टेकतात, त्यामुळे हादरे फारच कमी बसतात. अशा सुखद चालीला मराठीत रहवाल म्हणतात. भारतातील मारवाडी व काठेवाडी घोड्यांमध्येही या प्रकारची चाल आढळते. नावात ‘पेसर’ असले तरी नॅरागॅन्सेट घोडे मुख्यतः चार ठेक्यांची चाल चालत असावेत, असे उपलब्ध वर्णनांवरून दिसते.

नॅरागॅन्सेट येथील धर्मोपदेशक जेम्स मॅकस्पॅरन यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिका डिसेक्टेड’ या पुस्तकात या घोड्यांच्या वेगाची नोंद केली आहे. काही घोडे दोन मिनिटांहून थोड्याच अधिक वेळात एक मैल अंतर कापत, असे ते सांगतात. पॉल रिव्हिअर यांनी १७७५ मधील आपली प्रसिद्ध रात्रीची दौड याच जातीच्या घोड्यावरून केली असावी, असाही एक समज आहे.

आनुवंशिक आधार

घोड्यांच्या अशा चालींमागे ‘डीएमआरटी३’ या जनुकातील एक बदल असतो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. हा जनुक पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतील चेतापेशींवर परिणाम करतो व त्यातून पायांच्या हालचालींचा मेळ बदलतो. प्राचीन हाडांच्या २०१६ मधील अभ्यासात या बदलाचे सर्वांत जुने नमुने मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आढळले.

ऱ्हास

या जातीच्या ऱ्हासाला तिची लोकप्रियताच बऱ्याच अंशी कारणीभूत ठरली. वेस्ट इंडीजमधील साखरमळ्यांचे मालक हे घोडे मोठ्या संख्येने विकत घेत. उत्तम घोडे निर्यात होत गेल्याने पैदाशीसाठी मूळ प्रदेशात पुरेसे घोडे उरले नाहीत. जे उरले, त्यांचा इतर जातींशी संकर होत राहिला. याच काळात रस्ते सुधारले आणि लांबच्या प्रवासासाठी घोड्यांच्या गाड्या रूढ झाल्या. खडबडीत पायवाटांवर ज्या चालीचे मोल होते, तिची गरज त्यामुळे कमी झाली. गाडीसाठी दुडक्या चालीचे घोडे पसंत केले जाऊ लागले. पुढे विविध जातींचे रक्षण करणाऱ्या संघटित वंशावळ-नोंदी त्या काळी या घोड्यांसाठी ठेवल्या जात नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही जात दुर्मीळ झाली. शेवटचा ज्ञात शुद्ध घोडा १८८० च्या सुमारास मरण पावला.

वारसा

अमेरिकन सॅडलब्रेड, स्टँडर्डब्रेड आणि टेनेसी वॉकिंग हॉर्स या जातींच्या घडणीत नॅरागॅन्सेट पेसरचा वाटा होता. स्टँडर्डब्रेड घोडे आजही पेस चालीच्या शर्यतींत धावतात. जेम्स फेनिमोर कूपर यांच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१८२६) या कादंबरीतही या जातीचा उल्लेख येतो. संकरातून चालीचा गुण पुढे गेला, तरी मूळ जात परत मिळवता येत नाही; म्हणून पाळीव प्राण्यांच्या स्थानिक जातींच्या संवर्धनाचा विचार करताना हे उदाहरण महत्त्वाचे ठरते.