बंदरांचा खर्च कोणी सोसावा?

सुपा औद्योगिक वसाहतीतील निर्यातीचा माल घाट उतरून न्हावाशेव्यास जातो. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी बंदराचा लाभ असा दुष्काळी पारनेर तालुक्यापर्यंत पोहोचतो. २०२४ मध्ये केंद्राने वाढवण बंदराची ७६,२२० कोटींची योजना मंजूर केली. तेथील मच्छीमारांचा विरोध मात्र शमलेला नव्हता. दुसरीकडे, हर्णैस धक्क्याअभावी मासळी वर्षानुवर्षे बैलगाड्यांतून किनाऱ्यावर आणावी लागली. जयगडला खासगी भांडवल आले, कारण तेथे कोळशाच्या वाहतुकीची हमी होती. मासळीच्या पाट्यांवर तशी हमी कोण देणार? लहान बंदरांचा भार राज्यावर, आणि राज्याची तिजोरी तोकडी. तेव्हा मोठ्या बंदरांच्या नफ्यातील ठरावीक हिस्सा, कर्जरूपाने नव्हे तर अनुदान म्हणून, अशा धक्क्यांसाठी राखून ठेवावयास हवा.