कर्ता कोण?

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला यंत्रांविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असे वाचक विचारतील, आणि ते रास्तच आहे. मोबाइलच्या पोटातले मला काही कळत नाही. वाक्याच्या पोटातले मात्र थोडेफार कळते; आणि आमच्या घरी जे घडले ते निम्मे यंत्रात घडले व निम्मे वाक्यांत.

परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या पाडव्याला आईसाठी बावीस हजारांचा मोबाइल घेतला. धाकटा भाऊ जर्मनीत असतो. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी बसून आईला नातवाचे तोंड दिसायचे ते त्या काचेतच. सातव्या महिन्यात, ऐन मे मध्ये, रात्री फोनने स्वतःची काहीशी 'सुधारणा' करून घेतली आणि सकाळी पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उभी राहिली. ती नेमकी नातवाच्या नाकावरून जाई.

ही व्याधी आमच्याच फोनला जडली असे नव्हे. अलीकडच्या वर्षांत ॲमोलेड पडद्याच्या कित्येक फोनांवर, विशेषतः नवी प्रणाली उतरवून घेतल्यावर, अशा रेघा उमटल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. काही कंपन्यांनी पडदे फुकट बदलूनही दिले. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हते. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातल्या तरुणाने फोन उघडला, आतली इवलीशी चिठ्ठी दाखवली आणि म्हणाला, "सर, पाणी गेलंय. वॉरंटी लागू नाही. नऊ हजार होतील."

पाणी! ज्या शहरात त्या उन्हाळ्यात नळाची वाट पाहण्यात दिवसामागून दिवस जात होते, तिथे फोनला तेवढे पाणी कुठून मिळाले, हे मला कळेना. अशी चिठ्ठी पांढरी असते आणि ओलावा लागला की लाल होते, हे खरे. पण ओलावा कधी लागला, आणि त्याचा रेघेशी संबंध काय, हे काही ती सांगत नाही.

मला नऊ हजारांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. घरी आल्यावर आई म्हणाली, "माझाच हात ओला असंल रे बाबा." आणि पुढचे कित्येक दिवस ती नातवाशी दुसऱ्याच्या फोनवरूनही बोलेना.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. कंपनीची उत्तरे मी वर्गात फळ्यावर लिहावीत अशी होती. 'आपली तक्रार नोंदवली गेली आहे.' 'हँडसेट तपासला गेला आहे.' 'आपली विनंती नाकारली गेली आहे.' याला व्याकरणात नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात. त्यात कर्ता 'कडून' हे शेपूट लावून मागल्या दाराने का होईना, येऊ शकतो. इथे शेपटासकट कर्ता गिळलेला! कोणी तपासले? कोणी नाकारले? सही नाही, नाव नाही.

हा गिळलेला कर्ता ओकायला लावण्याचे काम आपल्याकडे फार पूर्वी सुरू झाले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो १९८६ साली आला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात आपल्यासारख्यांच्या कामाच्या गोष्टी आहेत. कंपनी कुठलीही असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. वकील हवाच असे नाही. मुदत दोन वर्षांची. बिल नाकारणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच ठरते. (आमचे बिल सौभाग्यवतींनी दिवाळीच्या फराळाच्या यादीत गुंडाळून ठेवले होते, सापडले तेव्हा त्याला चकलीचा वास होता.)

पण मला सर्वांत आवडले ते कलम ३८. वस्तूतला दोष तपासणीखेरीज ठरत नसेल, तर आयोग तिचा नमुना मोहोरबंद करून योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवतो. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे, ही त्यातली खोच खरी. आणि कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही खरे. तरीसुद्धा पाणी गेले की नाही, हे ज्याने फोन विकला त्याच्याच माणसाने ठरवायचे नसते!

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. मग कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले. प्रत्येक वाक्यात कर्ता हजर. 'तुम्ही फोन बनवलात. तुम्ही तो तपासलात. ओलाव्यामुळेच रेघ आली, हे तुम्ही कशावरून ठरवलेत ते लेखी कळवा. अन्यथा प्रयोगशाळेचा अहवाल मी आयोगापुढे मागेन.'

सतराव्या दिवशी उत्तर आले : 'सद्भावनेपोटी पडदा विनामूल्य बदलून दिला जात आहे.' पुन्हा कर्ता गायब. दोष मान्य नाही, आईवर ठेवलेला ठपका मागे नाही. भांडण पुढे न्यावे, असे मला फार वाटले. सौभाग्यवतींनी पडदा घेऊन या म्हटले.

फोन आता छान चालतो. पण नातवाची रिंग वाजली की आई अजूनही आधी दोन्ही हात पदराला पुसते, निरखून पाहते, मगच फोन उचलते. तोवर कधीकधी रिंग बंद पडते.