शिडाच्या जहाजांवरची इंग्रजी

शाळेत इंग्रजी वाक्प्रचार आपण दोन रकान्यांत पाठ केले. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. परीक्षेपुरतं भागलं, बोलताना मात्र अडतं, कारण अर्थ पाठ असूनही वापर चुकतो. ‘टेकन अबॅक’ म्हणजे आश्चर्यचकित होणं, एवढंच ठाऊक असलेला माणूस वाढदिवसाच्या भेटीने झालेल्या आनंदालाही तेच शब्द लावतो आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

हे शब्द शिडाच्या जहाजावरचे. वारा पाठीमागून भरला की शीड पुढे फुगतं आणि जहाज चालू लागतं. वाऱ्याने अचानक दिशा बदलली किंवा सुकाणू धरणाऱ्याचं लक्ष ढळलं, की तोच वारा समोरून येऊन शीड उलटं डोलकाठीवर दाबतो. जहाज जागीच थबकतं, कधी मागे सरकू लागतं. वारा जोराचा असला तर डोलकाठी मोडायचीही भीती. म्हणून या आश्चर्यात धक्का आहे, क्षणभर काही न सुचणं आहे. एरवी शांत असणारा सहकारी भर बैठकीत खेकसला, तर ‘आय वॉज टेकन अबॅक’ चपखल बसतं.

म्हणूनच वाटतं, वाक्प्रचार शिकवताना मुलांना आधी ती वस्तू दाखवावी. ब्रिटनचा व्यापार आणि युद्धं कित्येक पिढ्या समुद्रावर चालली, त्यामुळे खलाशांची बोली घराघरांत शिरली. ब्रिटनच्या अशा शिडाच्या जहाजांतली काही आपल्या मुंबईच्या गोदीत घडली. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. अशा जहाजावर दोरांचं जंगल असे. ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेवर सगळे मिळून सुमारे ४२ किलोमीटर दोर होते. प्रत्येकाचं काम वेगळं, बांधायची जागा ठरलेली. काळोखात, पावसात नेमका तोच हाती लागायला हवा. ज्याला हे जमलं, त्याला ‘रोप्स’ कळले. आज ऑफिसात नव्याने आलेल्याला जुना माणूस ‘आय विल शो यू द रोप्स’ म्हणतो, तेव्हा अर्ज कुठे द्यायचा, सही कुणाची लागते, साहेब कधी भेटतात हे सगळं त्यात येतं. पुस्तकी विद्वत्तेला हे शब्द लावू नयेत.

दारू चढलेल्यासाठी ‘थ्री शीट्स टु द विंड’ म्हणतात. ‘शीट’ हे शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणाऱ्या दोराचं नाव. ते दोर सुटले की शीड फडफडतं आणि जहाज झोकांड्या खातं. मित्रांच्या गप्पांत ठीक, कामाच्या पत्रात नको.

‘बाय अँड लार्ज’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. वाऱ्याच्या तोंडाशी शक्य तितकं भिडून जाणं म्हणजे ‘बाय’, वारा पाठीशी घेऊन सुटणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही तऱ्हांनी नीट चालणारं जहाज, यावरून ‘एकंदरीत’ हा अर्थ आला. त्यात अपवादाला जागा ठेवलेली असते. पाऊस बाय अँड लार्ज बरा झाला, असं म्हणणाऱ्याने दोन तालुके कोरडे राहिल्याचं मान्य केलेलंच असतं.

‘टर्न अ ब्लाइंड आय’ला तर नेल्सनचं नावच चिकटलं आहे. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ अॅडमिरल पार्करने लढाई थांबवण्याची खूण केली. तेव्हा नेल्सनने दुर्बीण त्याच डोळ्याला लावून आपल्याला खूण दिसत नसल्याचं सांगितलं, अशी कथा आहे. आपला ‘कानाडोळा’ इथे अगदी जुळतो. ठाऊक असून न पाहणं हा त्याचा गाभा. अनधिकृत मजल्याची खबरच नसलेल्या अधिकाऱ्याबद्दल हे वापरलं, तर तो थेट आरोप होतो.

मात्र प्रत्येक वाक्प्रचार जहाजावर चढवायचा मोह आवरावा. कडाक्याच्या थंडीसाठी इंग्रजीत ‘फ्रीझ द बॉल्स ऑफ अ ब्रास मंकी’ म्हणतात, म्हणजे पितळी माकडाचे ‘बॉल्स’ गोठून गळतील अशी थंडी. तोफगोळे रचायच्या पितळी तबकाला ‘माकड’ म्हणत आणि थंडीने ते आक्रसलं की गोळे घरंगळत, अशी गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरते. प्रत्यक्षात जहाजावर गोळे ठेवत ते लाकडी फळ्यांना पाडलेल्या गोल खाचांत. शिवाय या वाक्प्रचाराच्या जुन्या रूपांत त्या माकडाचं नाक आणि शेपूटही गोठतं, आणि त्या अवयवांचा तोफगोळ्यांशी काहीच संबंध नाही.