किमान वेतन आणि कोल्हापूरची पेठ
महाद्वार रोडवरील कापडदुकानात दिवसभर उभा राहणारा नोकर काय, किंवा प्रशस्त मॉलमध्ये गणवेश घालून माल लावणारी मुलगी काय, त्यांच्या वेतनाचा किमान दर ठरविण्याचा अखत्यार महानगरपालिकेकडे नसून, १९४८ च्या कायद्यापासून तो राज्य सरकारकडे आहे. सरकार परिमंडळे पाडून मूळ दर ठरविते आणि महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता जाहीर करते. अमेरिकेत शिकागोच्या नगरसभेने मात्र २००६ साली केवळ अवाढव्य दुकानांसाठी चढा दर मंजूर केला, पण महापौर डेली यांनी तो नकाराधिकाराने फेटाळला. असा भेद आपल्याकडे नाही, आणि तो नसावा असेच मला वाटते. कारण लहान दुकानातल्या नोकराची भूक काही लहान नसते. खरी मेख मात्र हजेरीपटात आहे: ज्याचे नावच तिथे नाही, त्याने वाढीव दराची दाद कोणत्या पुराव्यावर मागावी?