व्हिस्कीत पाणी, बर्फ की काहीच नको? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेग भरला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘पाणी की सोडा?’ टेबलावर सिंगल माल्टची बाटली असेल, तर हा प्रश्न विचारणाऱ्याकडेच लोक रोखून बघतात. चांगल्या व्हिस्कीत काही घालायचं नसतं, हा नियम इतक्या ठामपणे सांगितला जातो की नवखा माणूस घशाची आग सोसत कोरडा घोट गिळतो. दुसरीकडे, भरपूर पाणी घातलं की दारू बाधत नाही, असं मानणारेही खूप आहेत. चवीबद्दलच्या गैरसमजाने फार तर एक पेग वाया जातो. प्रकृतीबद्दलचा गैरसमज मात्र महागात पडतो. म्हणून दोन्ही नीट तपासायला हवेत.

गैरसमज १ : अस्सल व्हिस्की ‘नीट’च, म्हणजे काही न मिसळता प्यायची, पाण्याने तिचा अपमान होतो.

वस्तुस्थिती : बहुतेक बाटल्यांत पाणी आधीच घातलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये नवं मद्य ओकच्या पिंपात भरतात, तेव्हा त्याची तीव्रता साधारण ६३.५ टक्के असते. किमान तीन वर्षं मुरल्यावर, बाटलीत भरण्यापूर्वी पाणी घालून ती ४०, ४३ किंवा ४६ टक्क्यांवर आणतात. ४० टक्क्यांखाली गेली, तर कायद्याने तिला स्कॉच म्हणता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की ४२.८ टक्क्यांच्या असतात. ‘कास्क स्ट्रेंग्थ’ लिहिलेल्या, म्हणजे पिंपातल्याच तीव्रतेने भरलेल्या बाटल्या याला अपवाद. व्हिस्कीची मिश्रणं ठरवणारे मास्टर ब्लेंडरसुद्धा नमुने हुंगताना पाणी घालून ते सुमारे २० टक्क्यांपर्यंत उतरवतात. मद्याचा झोत कमी झाला की नाकाला बारीक वास आणि दोष पकडता येतात.

गैरसमज २ : पाण्याने चव फक्त पातळ होते.

वस्तुस्थिती : थोड्या पाण्याने वास उलट वर येतो. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातले ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंच्या हालचाली मांडून याचं कारण शोधलं. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या जवाच्या व्हिस्कीला जो धुरकट वास येतो, त्यात ग्वायकोल या रेणूचा मोठा वाटा असतो. मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असताना हा रेणू मद्यार्काच्या वेढ्यात, द्रवाच्या आत राहतो. प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत खाली आलं की तो पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो. शिवाय मिरचीचा तिखटपणा ज्या चेतातंतूंना कळतो, त्यांनाच मद्यार्कही डिवचतो. तीव्रता उतरली की ती जळजळ मागे हटते आणि चव पुढे येते.

मग पाणी किती घालावं? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२३ मधल्या अभ्यासातून एक उपयोगी मर्यादा मिळते. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांपलीकडे गेल्यावर एकाच प्रकारच्या व्हिस्की एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं अवघड होत गेलं. म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगला सुमारे १५ मिलिलिटर पाणी, तीन छोटे चमचे. गोव्यातल्या पॉल जॉनची ‘पीटेड सिलेक्ट कास्क’ ५५.५ टक्क्यांची आहे. तिच्यात एवढं पाणी घातलं की तीव्रता ४४ टक्क्यांच्या आसपास येते, आणि धुराचा वास मोकळा व्हायला हेच हवं असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीला चमचाभर पाणीही पुरतं. पाणी साधं, स्वच्छ, खोलीच्या तापमानाचं घ्यावं. क्लोरीनचा वास किंवा बोअरचा मचूळपणा पेल्यात लगेच जाणवतो.

गैरसमज ३ : बर्फाने व्हिस्की पातळ न होता नुसती गार होते.

वस्तुस्थिती : बर्फ वितळतो म्हणूनच तो गार करतो. खोलीच्या तापमानाचा ६० मिलिलिटरचा पेग गार व्हायला साधारण १५ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. एवढं पाणी त्यात पडतंच, आणि पुढेही पडत राहतं. मोठा खडा त्याच वजनाच्या चुऱ्यापेक्षा हळू वितळतो, कारण त्याचा पृष्ठभाग कमी असतो. फ्रीझरमधले दगडाचे किंवा स्टीलचे ठोकळे वितळत नाहीत, त्यामुळे त्यांचा गारवाही थोडाच.

थंडीने वास मात्र दबतो. फ्रिजमधून काढलेल्या आमटीला गरम आमटीचा घमघमाट नसतो, तसंच हे आहे. महागड्या माल्टचा वास घ्यायचा असेल, तर बर्फ टाळावा. मे महिन्यात साध्या ब्लेंडेड व्हिस्कीसोबत गारवाच हवा असेल, तर बर्फ घालण्यात काहीच गैर नाही. जपानमध्ये बर्फ आणि भरपूर पाणी घातलेली ‘मिझुवारी’ सन्मानाने पितात.

गैरसमज ४ : पाणी घातल्यावर गढूळ झाली, म्हणजे ती नकली.

वस्तुस्थिती : व्हिस्कीत तेलकट एस्टर असतात. मद्यार्काचं प्रमाण किंवा तापमान उतरलं की ते विरघळलेले राहत नाहीत आणि धूसरपणा येतो. तो निरुपद्रवी आहे. अनेक कंपन्या तो टाळण्यासाठी मद्य थंड करून गाळतात. काही कंपन्या मुद्दाम गाळत नाहीत आणि ४६ टक्क्यांवर बाटली भरतात.

याची उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. निवळशार दारू सुरक्षितच असते असं नाही. विषारी मिथेनॉल रंगहीन असतं आणि पाण्यात पूर्ण मिसळतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत त्याने शंभरहून अधिक बळी घेतले. पाणी घालून त्याची परीक्षा होत नाही. परवानाधारक दुकानातली, सीलबंद बाटलीच घ्यावी.

गैरसमज ५ : दारूने जंतू मरतात, बर्फ कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती : पेल्यातल्या पातळ मद्याने बर्फातले जंतू मरतीलच, असा भरवसा नाही. स्कॉच-सोड्यात टाकलेल्या दूषित बर्फातही पोटाचे विकार करणारे जिवाणू टिकून राहिल्याचं प्रयोगात दिसलं आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फ निळा करण्याचा नियम आणला, तो याच धोक्यामुळे. बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे याची खात्री नसेल, तर तो नको म्हणावा.

गैरसमज ६ : पाणी, सोडा जास्त घातला की चढत नाही.

वस्तुस्थिती : ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. त्यात चमचाभर पाणी घाला की ग्लासभर, यकृताला तेवढेच २० ग्रॅम निस्तरावे लागतात. पाण्याने पिण्याचा वेग मंदावला, तर तेवढाच फायदा. सोड्याच्या बुडबुड्यांनी तर काही जणांच्या रक्तात मद्यार्क अधिक लवकर पोहोचतो. वाहन चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती पेल्यातलं पाणी मोजत नाही.

तेव्हा निवाडा सरळ आहे. वास आणि चव समजून घ्यायची असेल, तर पहिला छोटा घोट तसाच घ्यावा आणि मग चमच्याचमच्याने पाणी घालावं. गारवा हवा असेल, तर स्वच्छ पाण्याचा मोठा खडा घालावा. पेल्यात काय घालायचं हे पिणाऱ्याने ठरवावं, आणि त्यासाठी कुणी कुणाला कमी लेखू नये. पेग किती घ्यायचे, याला मात्र पाणी आणि बर्फ दोन्ही उत्तर देत नाहीत. दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जे पीत नाहीत त्यांनी चवीच्या कुतूहलापोटी सुरुवात करू नये. जे पितात त्यांनी मोजून प्यावं, सावकाश प्यावं आणि त्यानंतर गाडीच्या किल्लीला हात लावू नये.