भाव रेल्वेमुळे वाढतो, पण कशाचा?

विरारहून बॅकबेपर्यंत लोकल धावू लागली ती 1867 साली. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं वसई पट्ट्यात केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या आणि मिठागरंच होती. ‘रेल्वे आली की जमिनीचे भाव चढतात’ या समजुतीला इथेच उत्तर मिळतं. रूळ होतेच, भाव चढले ते मुंबईत घर परवडेनासं झाल्यावर आणि इथे बांधकामाला वाव मिळाल्यावर. 1990 मध्ये सिडकोकडे इथलं नियोजन आलं आणि पुढच्या वीस वर्षांत चित्र पालटलं. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती.

‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ ही जाहिरातीतली ओळही तपासून घ्यावी. पाच मिनिटं चालत की रिक्षाने, आणि रिक्षाने असेल तर संध्याकाळी सातला शेअर रिक्षाची रांग केवढी असते? पूर्वेचं घर आणि पश्चिमेची शाळा असेल तर उड्डाणपुलावरची कोंडीही त्यात धरावी लागते. इथला माणूस खरे पैसे मोजतो ते वाचणाऱ्या वेळेचे आणि बसायला मिळण्याचे. सकाळी नालासोपाऱ्याला चर्चगेटच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कितीतरी जण आधी उलटे विरारला जातात आणि तीच गाडी रिटर्न धरून बसून येतात. गाडी जिथून सुटते तिथलं घर म्हणूनच अनेकांना सोयीचं वाटतं, मुंबईपासून लांब असूनही. 2007 मध्ये बोरिवली–विरार रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण पूर्ण झालं तेव्हा एकही स्टेशन जागचं हललं नाही, पण जास्त गाड्या सोडता येऊ लागल्या. आणि अगदी रुळांना खेटून असलेल्या घराला रात्रभर मालगाड्यांचा खडखडाट सोसावा लागतो, तो वेगळाच.

‘मेट्रो येतेय, आत्ताच घेऊन टाका’ हे मात्र सर्वांत महागात पडणारं वाक्य आहे. प्रकल्प जाहीर होताच विकणारा त्याची किंमत दरात धरतो. गाडी कधी का धावेना, तुमचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर 2017 मध्ये झालं, विरारलाही तिचं स्थानक ठरलं आणि गाडी 2022 मध्ये धावणार असं सांगितलं गेलं. ते वर्ष गाडीविनाच गेलं. बोरिवली–विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेला मंजुरी मिळाली 2019 मध्ये. ही कामं गरजेची आहेत, ती व्हायलाच हवीत; पण त्यांच्या भरवशावर ऐपतीबाहेरचं कर्ज काढू नये. भाडेकरूला तर नव्या सोयीबरोबर भाडेवाढही सोसावी लागते.

आता सगळ्यांत कमी बोलला जाणारा मुद्दा. भाव वाढतो तो जमिनीचा. इमारत वर्षागणिक जुनीच होत जाते; गळती, गंज, प्लास्टर सुटणं हे स्टेशन जवळ असल्याने थांबत नाही. म्हणून जमीन कुणाच्या नावावर आहे आणि इमारत अधिकृत आहे का, हे अंतरापेक्षा आधी बघायचं. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. रेल्वेची सोय त्यांच्याही उपयोगाला आली नाही.

इमारत अधिकृत असली तरी अनेक जुन्या सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नसतं. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर मूळ मालकाचंच नाव राहतं. अशी इमारत पुनर्विकासाला निघाली की वाढीव बांधकामाच्या हक्कावर तो मालक किंवा बिल्डर दावा सांगतो आणि सोसायटी अडकते. सदनिकांच्या मालकीविषयीच्या मोफा कायद्यात यावर मार्ग आहे: बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करू शकते, बिल्डरच्या सहीवाचून.