कपाळाचा टिळा पुसला जाणारा मासा

खिलारीच्या नव्या वासराच्या माथ्यावर तांबूस झाक असते आणि काही महिन्यांत ती जाते, हे तुम्ही गोठ्यात पाहिलंच असेल. लक्षद्वीपच्या प्रवाळात राहणाऱ्या एका डॅमसेल माशाचंही तसंच. पिलू काळंभोर, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. त्यालाच भुलून शहरातलं गिऱ्हाईक पैसे मोजतं. मासा चार-पाच इंच वाढतो, तोवर कपाळाचा ठिपका गेलेला असतो, कुशीवरचे बारीक होतात, अंग राखाडी पडतं. हा रोग नव्हे, वय! उगाच औषधं ओतू नका. भांडखोरपणा मात्र वाढतो. दुबळ्या माशांना तो टाकीत जगू देत नाही. पोरांनी हट्ट धरलाच, तर आधी मोठा झालेला मासा त्यांना दाखवा. आणि हो, त्याला खारं पाणी लागतं, विहिरीचं चालत नाही.